चालू करू नये

सुजाता,

काल हॉस्पिटलच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. ओळखपत्रावरचाच फोटो मोठा करून ठेवला होता. त्यात तू कुणाला तरी दम देतेयस अशी दिसत होतीस, म्हणजे फोटो तसा बरोबरच होता. साहेब पाच मिनिटं बोलले. शिस्त, वक्तशीरपणा, संस्थेची हानी, सगळं आलं. शेवटी म्हणाले, "एक ती चूक सोडली, तर सुजाताताईंच्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती." आणि मी दुसऱ्या रांगेत बसून मान डोलावली.

तुला जाऊन आठ दिवस होत नाहीत तोवर मी मान डोलावली. कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी फार्मसीतली बाई डोळे पुसत होती, तिने माझ्याकडे बघून मान हलवली, मीही हलवली. घरी आले, जेवण गेलं नाही, रात्री झोपही नाही, म्हणून आज हे लिहायला बसले. तुला पोचणार नाही हे मला कळतं. तू म्हणाली असतीस, पत्ता चुकलेला ई-मेल निदान परत तरी येतो.

आपण दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलो. तेव्हा संगणक विभाग म्हणजे रेकॉर्ड रूमच्या मागची एक खोली, तीही निम्मी बँडेजच्या खोक्यांनी भरलेली. तू नायगावची, मी लालबागची. पहिल्या आठवड्यातच डबे एकत्र झाले, आणि तू माझ्या आंबोळ्या संपवून तुझी भाकरी माझ्याकडे सरकवायला लागलीस. हिंदमाताला साडी घ्यायला गेलो की तू पदर बघायचीसच नाहीस, साडी उलटी करून मागचे धागे बघायचीस. दुकानदार वैतागायचे. समोरून सगळ्याच चांगल्या दिसतात गं माधुरी, म्हणायचीस. मशीनकडेही तू तशीच बघायचीस आणि माणसांकडेही. मला कसं काय पास केलंस, देव जाणे. देवाचं नाव काढलं की तू चिडायचीस, तेव्हा ते राहू दे.

आपलं काम बाहेरच्या माणसाला समजावावं ते तूच. हॉस्पिटलमधले सगळे संगणक, तेव्हा एकशेतीस, एकेक करून तयार करायचे तर महिना जातो. म्हणून एकच मशीन मन लावून तयार करायचं: विंडोज, प्रिंटर, मराठी फॉन्ट, आणि केसपेपरच्या सॉफ्टवेअरचा क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी बोलणारा, प्रत्येक मशीनवर बसणारा छोटा प्रोग्रॅम. हे आपलं मास्टर. त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची, तिला इमेज म्हणायचं, आणि नेटवर्कवरून ती सगळ्या मशीनवर एकदम उतरवायची. मेख एकच. क्लायंट पहिल्यांदा सुरू झाला की सर्व्हरकडून स्वतःचा नंबर मागून घेतो आणि तो चिकटतो. म्हणून प्रत काढायच्या आधी मास्टरवरचा नंबर पुसायचा, मशीन बंद करायचं, आणि प्रत निघेपर्यंत ते चुकूनही नेहमीसारखं चालू करायचं नाही. नर्सिंगच्या पोरींना तू सांगायचीस, बाळाच्या मनगटाला नंबरची पट्टी बांधता ना, तीच एक पट्टी वॉर्डातल्या सगळ्या बाळांना बांधली तर काय होईल? त्यांना लगेच समजायचं. साहेबांना मात्र कधी समजलं नाही.

आणि दसरा. दसऱ्याला सुट्टी, म्हणून आपल्याकडे पूजा नवमीलाच व्हायची. ऑपरेशन थिएटरपासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळ्यांना झेंडू, मग आपल्या खोलीची पाळी. तू त्या दिवशी कधीच नसायचीस. दसऱ्याला तू आणि तुझी आई, ज्यांना मी मावशी म्हणते, नागपूरला दीक्षाभूमीवर. त्यासाठी नवमीच्या सकाळीच निघायचात. परत आलीस की कीबोर्डातलं कुंकू फुंकत मला शिव्या घालायचीस. मशीनला हळद लावून काय होतं, त्यापेक्षा बॅकअप घे, म्हणायचीस. मी म्हणायचे, तुझ्या बापाचं काय जातं? मग दोघी हसायचो. हे भांडण वर्षाचं ठरलेलं होतं आणि मला वाटायचं, ते प्रेमाचं आहे. बहुतेक होतंही.

अकरा वर्षांपूर्वी नवीन सॉफ्टवेअर यायचं होतं. तू तीन आठवडे खपून मास्टर तयार केलंस. अष्टमीच्या संध्याकाळी नंबर पुसलास, मशीन बंद केलंस, वॉर्डातून चिकटपट्टी मागून आणलीस आणि बटणावर आडवी लावलीस. पट्टीवर पेनाने लिहिलंस: चालू करू नये. वर मला तीनदा बजावलंस. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करून, म्हणजे आतला क्लायंट न जागवता, प्रत काढायची आणि शनिवार-रविवारी सगळीकडे उतरवायची, असं ठरलं. तू निघालीस तेव्हा मी म्हटलं, जा गं बाई, मी काय कुकुलं बाळ आहे का?

नवमीला आपले शिपाई गावडे मामा हार घेऊन आले. साहेब नारळ घेऊन. नवीन मशीन, म्हणून मान त्याचा. हार घातला आणि गावडे मामा म्हणाले, बंद मशीनची कसली पूजा मॅडम, मढ्याला हार घातल्यासारखं वाटतंय. सगळे हसले. साहेब म्हणाले, लावा हो दोन मिनिटं. मी तेव्हा "नाही" म्हणू शकले असते. तू असतीस तर म्हणाली असतीस, आणि साहेबांसकट सगळ्यांना बाहेर काढलं असतंस. मी पट्टी सोडवली आणि बटण दाबलं. स्क्रीन उजळला, आरती झाली, कुणीतरी फोटो काढला. मग मी मशीन बंद केलं आणि पट्टी परत होती तशी चिकटवली. पाच-सात मिनिटं झाली असतील.

तेवढ्या वेळात क्लायंटने नंबर घेतला असणार, ही शंका मला तेव्हाच आली होती. मी ती तपासली नाही. तपासली असती तर काहीतरी करावं लागलं असतं.

दसऱ्याच्या दुपारी तुझा फोन आला. मागे केवढा गलका. मशीनला कुणी हात नाही ना लावला, विचारलंस. त्या क्षणी सांगितलं असतं तर तू दोन शिव्या हासडून नंबर पुन्हा कसा पुसायचा ते फोनवरच सांगितलं असतंस, वीस मिनिटांचं काम. पण तू दीक्षाभूमीवर उभी, आणि मी तुला सांगू की पूजेसाठी मशीन चालू केलं? वर्षभर मला त्यावरून हसली असतीस. मला माझं हसं करून घ्यायचं नव्हतं. एवढंच कारण आहे, सुजाता, याच्याहून मोठं काही शोधू नकोस. मी म्हटलं, नाही गं, तसंच आहे.

मग प्रत काढली. एका मशीनवर उतरवून बघितली, झकास चालली. एकटीच होती ना. शनिवार-रविवारी एकशेतीस मशीनवर तीच उतरवली.

सोमवारी ओपीडी उघडली आणि सर्व्हरला एकशेतीस मशीन म्हणजे एकच मशीन वाटायला लागलं. एक खिडकी सुरू झाली की दुसरी बंद पडायची. खिडकी नंबर एकचे केसपेपर तिसऱ्या मजल्यावर रक्ततपासणीत छापून येत होते. रांग फाटकाबाहेर फुटपाथवर गेली. कॉटन ग्रीनहून म्हाताऱ्या बापाला टॅक्सीत घालून आणलेला एक माणूस काचेवर हात आपटत तुला नाही नाही ते बोलला. मी आतल्या खोलीत होते, मला ऐकू येत होतं. तू ऐकून घेतलंस आणि त्याच्या बापाचा कागद हाताने लिहून दिलास.

दोन दिवस आपण मशीन मशीन फिरून नंबर पुसत होतो, तू वरचे मजले, मी खालचे. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात बसून वडापाव खाल्ला. तुझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, त्याला तू पिन लावली होतीस. खाता खाता म्हणालीस, "मास्टरच्या लॉगमध्ये चालू झाल्याची वेळ दिसतेय. नवमी, अकरा चाळीस." मी म्हटलं, लाइट गेली असेल, परत आली तेव्हा आपोआप चालू झालं असेल. तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, असेल.

चौकशीची मीटिंग झाली. साहेबांनी विचारलं, मास्टर कुणी बनवलं? तू म्हणालीस, मी. बंद कुणी केलं? मी. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? रजेवर. तेव्हा एक ट्रस्टी म्हणाले, नागपूरला जायची घाई असली की असं व्हायचंच. आणि हसले. साहेबही हसले, ज्यांनी स्वतः त्या मशीनसमोर नारळ फोडला होता. तू हसली नाहीस. मी तुझ्या शेजारी वही उघडून बसले होते, मीटिंगचा वृत्तांत मी लिहीत होते. ट्रस्टींचं ते वाक्य मी वृत्तांतात घेतलं नाही. बाकीचं सगळं लिहिलं.

तुला मेमो मिळाला. पुढच्या वर्षी विभागप्रमुखाची जागा निघाली, ती मला मिळाली. लायकी तुझी होती हे गावडे मामांनासुद्धा ठाऊक होतं.

आणि तो फोटो. हौशीने कुणीतरी रंगीत छापून नोटीस बोर्डावर लावला. हार घातलेलं मास्टर, उजळलेला स्क्रीन, नारळ धरलेले साहेब, ताम्हण धरलेली मी. सहा महिने तो तिथे होता. सगळे त्याच्यासमोरून चहाला जायचे. ज्याला बघायचं होतं त्याला सगळं दिसत होतं. मेमोनंतरच्या आठवड्यात एकदा तू त्या फोटोसमोर उभी असलेली मला दिसलीस आणि मी वळून दुसऱ्या जिन्याने गेले.

त्यानंतर तू मला मॅडम म्हणायला लागलीस. आधी चारचौघांत, ते ठीक होतं, खुर्चीचा मान. मग चहालाही. मग डबाही वेगळा. कुणी विचारलं तर सांगायचीस, मला भूक लवकर लागते. काम मात्र चोख. माझ्या सहीने जे जे गेलं ते सगळं तुझं काम होतं, आणि वाहवा झाली की तू कोपऱ्यात उभी राहून टाळ्या वाजवायचीस. ते बघणं मला सहन व्हायचं नाही.

मला तुझा राग यायचा. अजून येतो. तू भांडायला हवं होतंस. माझ्या झिंज्या उपटल्या असत्यास तरी चाललं असतं. त्याऐवजी दर वर्षी अष्टमीच्या संध्याकाळी माझ्या टेबलावर किल्ल्या ठेवून म्हणायचीस, सगळी मशीन बंद आहेत, मॅडम. चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. चार वर्षांपूर्वी माझं डोकं फिरलं. मी दार लावलं आणि म्हटलं, काय ते एकदा सरळ बोल ना. तू पर्स खांद्याला लावत म्हणालीस, "मी काय बोलू? बोलायचंय ते तुझ्याकडे आहे." किती वर्षांनी तुझ्या तोंडून "तू" ऐकलं. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, मला मीटिंग आहे.

इतकी वर्षं मी मनाशी दोन गोष्टी घोळवत आले. बऱ्या दिवशी म्हणायचे, सुजाताने मला माफ केलंय, मैत्रीखातर गप्प बसली बिचारी. वाईट दिवशी म्हणायचे, ही मला मुद्दाम शिक्षा देतेय, तिळातिळाने. दोन्हींत माझी सोय होती. दोन्हींत मला काही करावं लागत नव्हतं.

गेल्या महिन्यात तू आपल्याच हॉस्पिटलात दाखल झालीस. तुझा केसपेपर खिडकी नंबर एकवर पहिल्या फटक्यात निघाला, तूच बसवलेल्या व्यवस्थेवर. मी रोज वर यायचे. मोसंबी सोलायचे, सीरियलचं बोलायचे, नवीन सिस्टरच्या तक्रारी सांगायचे. एकदा तू म्हणालीस, नवीन व्हर्जन येतंय ना, माझ्या ड्रॉवरमधली वही घे, सगळ्या पायऱ्या लिहिल्यात. मी म्हटलं, बरी हो आणि तूच कर. रिपोर्ट मी वाचले होते, तूही वाचले होतेस. त्या खोलीत आपण दोघीच होतो, दार बंद होतं, वेळ होता. मी मोसंबीच्या बिया वेचत बसले.

वही परवा उघडली. तुझं ते उभं अक्षर, प्रत्येक पायरीला नंबर. मधे मधे माझ्यासारख्या घाईच्या बाईसाठी सूचना. "इथे चहाला जाऊ नये." "झालं असं वाटेल. झालेलं नसतं." एकटीच मोठ्याने हसले. हे काम मला तू शिकवलंस. इतक्या नीट, न चिडता, पुन्हा पुन्हा मला कुणी काही शिकवलं नाही, सख्ख्या बहिणीनेसुद्धा नाही. माझं घर ज्या पगारावर उभं आहे तो तू हातात धरून शिकवलेल्या कामाचा आहे. हे तुला कधीच सांगितलं नाही, कारण हे सांगायला तोंड उघडलं असतं तर ते दुसरंही बाहेर आलं असतं.

*

वरचं शुक्रवारी लिहिलं. आज रविवार. नायगावहून आत्ताच आले.

तुमच्या चाळीजवळच्या विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, मग एकेक जण माईकवर येऊन तुझ्याबद्दल बोलत होता. हॉस्पिटलमधून साहेब आले होते, आणखी चार-पाच जण. मावशी दाराजवळ खुर्चीवर बसल्या होत्या, शेजारच्या खुर्चीवर त्यांची कापडी पिशवी. मी त्यांच्या पायाशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. पट्टी, पूजा, फोन, जिना, मीटिंग. रडले. रडणं सोपं असतं. त्या मला जवळ घेतील असं मी घरून निघतानाच धरून चालले होते, हेही तुला सांगून टाकते.

मावशी म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. फोटो बघून आली ना, त्याच दिवशी बोलली ती मला."

मी विचारलं, मग ती गप्प का बसली? मावशींनी पदराने चष्मा पुसला.

"मी पण तेच म्हटलं. नाव घे म्हटलं तिचं. तर म्हणाली, आई, मी सांगितलं तर म्हणतील, आपली चूक आमच्या पूजेवर ढकलते. माझं कोण ऐकणार? माधुरीनेच सांगायला पायजे, तिचं ऐकतील." मग म्हणाल्या, "वाट बघत होती गं तुझी. पयलं वरीसभर रोज. मग म्हणाली, नाय सांगणार ती."

म्हणजे माफी नव्हती आणि शिक्षाही नव्हती. मी अकरा वर्षं तुझ्या गप्प बसण्याचे अर्थ लावत बसले, आणि तुला बोलायला जागाच नव्हती. ती माझ्याकडे होती. वही-पेनसुद्धा माझ्याकडेच होतं.

मी मावशींचा हात धरायला गेले. त्यांनी झिडकारला नाही, पण धरलाही नाही. म्हणाल्या, "मला काय सांगतेस? माईक तिकडे आहे."

साहेब बोलून नुकतेच जागेवर बसले होते. तेच भाषण, पण "ती चूक" या वेळी गाळली होती. मी उठून पुढे गेले. माईक दोन्ही हातांनी धरला. म्हटलं, "हॉस्पिटलचे संगणक बंद पडले होते, त्याचा ठपका सुजातावर आला. ते मशीन तिने नीट बंद करून ठेवलं होतं. पूजेसाठी ते मी चालू केलं. तिने फोन करून विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, आणि मीटिंगमध्ये गप्प बसले." साहेबांकडे बघितलं. ते चपलांच्या ढिगाकडे बघत होते. बोलायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. तिथल्या बहुतेकांना संगणकाचं काही कळलं नसावं, बाकीचं कळलं. मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ, आवाज न चढवता, म्हणाले, "हे ती असताना बोलायला पायजे होतं, बाई."

मी म्हटलं, हो.

परत मावशींकडे आले. शेजारच्या खुर्चीवरची पिशवी त्यांनी उचलली नाही. कार्यक्रम संपेपर्यंत मी भिंतीशी उभी राहिले.